मे महिन्यातली इंद्रायणी

कोपरापर्यंत हात एका भोकात घालून मी कातळावर पालथा पडलो होतो. मागून आवाज आला, "काय पाव्हणं, काय हरवलं का?" म्हशी घेऊन चाललेले एक आजोबा काठी टेकून उभे होते. म्हटलं, "हरवलं नाही काही आजोबा, तळातला गोटा काढतोय." त्यांनी भोकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता म्हशींमागे निघून गेले.

गोटा निघाला. लिंबाएवढा, काळाभोर. देव्हाऱ्यात ठेवला असता तर शाळिग्राम नाही म्हणून कुणाला शंका आली नसती. ज्या भोकातून तो निघाला ते भोक त्यानेच पाडलेलं होतं. एकट्याने नव्हे, त्याच्या आधी झिजून संपलेल्या बऱ्याच भाऊबंदांच्या मदतीने.

ही जागा कुंडमळा. पुण्याहून लोकलने येताना देहूरोडच्या पुढचं स्टेशन बेगडेवाडी, तिथे उतरून उत्तरेला चालत निघालं की इंद्रायणी लागते. देहूरोड दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर वसलं आहे. उत्तरेला इंद्रायणी, दक्षिणेला पवना. पाऊस पडला की गावाच्या एका अंगाचं पाणी इंद्रायणीत आणि दुसऱ्या अंगाचं पवनेत जातं, एकाच छपराच्या दोन पागोळ्यांसारखं. इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. पवना दापोडीला मुळेत शिरते, मुळा पुण्यात मुठेला भेटते आणि ते पाणीही शेवटी भीमेतच जातं. छप्पर एक, पागोळ्या दोन, खाली पन्हळ पुन्हा एकच.

कुंडमळ्याला लोक जातात ते जुलै-ऑगस्टमध्ये. फेसाळतं पाणी, भजी, कणीस, फोटो. माझं म्हणणं असं की नदी बघायची तर मे महिन्यात बघावी. जुलैत दिसतं ते फक्त पाणी. त्या पाण्याने काय केलं, कुठे केलं आणि किती उंचीवरून केलं, हे कळायला पाणी बाजूला व्हावं लागतं. इथली इंद्रायणी अगदी ठणठणीत कोरडी पडत नाही हे खरं. वरच्या आंद्रा धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत येतं आणि खाली निघोजेला पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं. शिवाय वाटेवरच्या गावांचं सांडपाणी आहेच. पण ते सगळं पाणी मधल्या एका अरुंद घळीतून मुकाट वाहतं आणि दोन्ही बाजूंचा रुंद कातळ उघडा पडतो. फिरायचं ते या उघड्या कातळावर.

सकाळी साडेसहाला पोचावं. नऊनंतर दगड पाय ठेवू देत नाही.

घावनाची जाळी

आधी पायाखालचा दगड. हा बेसाल्ट, आपला काळा पाषाण. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असे थरावर थर साचून महाराष्ट्राचा बहुतेक भाग तयार झाला. सह्याद्रीच्या कड्यांवर दुरून आडव्या पट्ट्या दिसतात, त्या याच थरांच्या. लेणी कोरणाऱ्यांना हा दगड चांगला ठाऊक होता. देहूरोडच्या शेजारच्या घोरावडेश्वराच्या डोंगरातली बौद्ध लेणी याच पाषाणात खोदलेली आहेत.

नदीच्या पात्रात हे थर हाताशी येतात. एका जागी दगड घट्ट, एकसंध, ठोकला तर खणखणीत वाजणारा. दोन पावलं पुढे तोच दगड भोकाभोकांचा. घावन तव्यावर टाकलं की वरून जाळी पडते, तसंच इथे झालं. लाव्हा थिजताना त्यातला वायू बुडबुड्यांनी वर आला आणि वरची साय घट्ट झाल्यावर तिथेच अडकला. म्हणून जाळीचा दगड सहसा थराच्या माथ्याकडे असतो आणि घट्ट दगड पोटात. घट्टाकडून जाळीकडे आणि पुन्हा घट्टाकडे असं चढत गेलात, तर आपण एका लाव्हाच्या थरावरून दुसऱ्यावर आलो असं खुशाल समजावं.

पुढे या बुडबुड्यांच्या रिकाम्या जागांत पाणी झिरपलं आणि त्यातली खनिजं आत जमली. पांढरे ठिपके असलेल्या या दगडाला गवंडी 'मांजऱ्या' म्हणतात. बांधकामात त्याला फारसा मान नाही, पण बघणाऱ्याला त्यात मजा आहे. ठिपक्यावर चाकूचं टोक ओढावं. ओरखडा उठला तर ते झिओलाइट किंवा कॅल्साइट. कॅल्साइटवर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे येतात. चाकू नुसताच घसरला, तर ती गारगोटी. पुण्याच्या परिसरातले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. ते नीट पाहायचे तर सिन्नरला 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आहे. इथे पात्रात मिळणारे ठिपके मुगाच्या-चवळीच्या दाण्याएवढे. घरी न्यायच्या लायकीचे नव्हेत आणि नेऊही नयेत.

पुढची गोष्ट मुलांना बरोबर घेऊन करण्यासारखी. जुन्या स्पीकरमधलं चुंबक रुमालात गुंडाळावं आणि कातळाच्या खोबणीत साचलेल्या वाळूतून फिरवावं. रुमालाला काळी मिशी फुटते. ते मॅग्नेटाइटचे कण. बेसाल्टमध्ये लोखंडाचं हे खनिज मुळातच असतं. दगड झिजून माती होतो, पण हे कण लवकर हार मानत नाहीत. ते जडही असतात, म्हणून पाण्याचा जोर जिथे मंदावतो तिथे आधी तेच खाली बसतात. वाळूवर काळ्या रेघा उमटलेल्या दिसल्या, तर त्या मळाच्याच असतील असं नाही.

वाटी, गडू, घागर, रांजण

आता त्या भोकांकडे. कातळात कोरलेल्या गोल खळग्यांना मराठीत रांजणखळगे म्हणतात. शब्द इतका नेमका आहे की परिभाषा तयार करणाऱ्यांनी तो जसाच्या तसा उचलला. रांजणाचं तोंड लहान आणि पोट मोठं, यांचंही तसंच. पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडी नदीत असलेले रांजणखळगे लांबलांबचे लोक बघायला येतात. कुंडमळ्याचं नावही या कुंडांवरूनच पडलेलं.

मी माझ्या सोयीने त्यांचे चार आकार केले आहेत. ही शास्त्रीय वर्गवारी नाही, स्वयंपाकघरातली आहे. पहिली वाटी. बुडबुड्याच्या भोकापासून किंवा दगडाच्या चिरेपासून तिची सुरुवात होते. पुराचं पाणी त्यावरून जाताना लहानसा भोवरा उठतो आणि खोलगट जागेत दोन-चार खडे अडकतात. भोवरा त्यांना गरगर फिरवतो. जात्यात घातल्यासारखे ते तळ घासतात आणि स्वतःही झिजतात. झिजून बारीक झाले की पाण्याबरोबर निघून जातात आणि पुढच्या पुरात नवे खडे येतात. असा वाटीचा गडू होतो. गडूत भोवरा चांगला कोंडतो, म्हणून काम वेगाने चालतं आणि घागर होते. तळाशी फिरणारे गोटे बाजूच्या भिंतीही खातात, त्यामुळे पोट सुटतं आणि रांजण होतो. हाताने आतून चाचपलं तर भिंतीवर वळणावळणाच्या खाचा लागतात. भोवरा कुठल्या दिशेने फिरत होता, ते बोटांना कळतं.

रांजण वाढत गेले की शेजारच्या रांजणाची भिंत पातळ होते आणि एक दिवस फुटते. दोन रांजण जोडले जातात, मग तिसरा. कुंडमळ्याची घळ म्हणजे अशा कित्येक रांजणांची फुटून एक झालेली रांग. घळीकडे लांबूनच पाहिलं तर दोन्ही बाजूंना अर्धे कापलेले रांजण ओळीने दिसतात, कुंभाराच्या आव्यात मडकी फुटावीत तसे.

हे सगळं व्हायला किती काळ लागतो? कातळ म्हटला की आपण लाखो वर्षांच्या गप्पा मारतो. पण पुणे विद्यापीठातले भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे आणि वीणा जोशी यांनी इंद्रायणीच्या याच खडकाळ पात्राचा अभ्यास करून २००४ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की, इथले रांजणखळगे माणसाच्या काळमापनातही तयार होऊ शकतात. म्हणजे ज्या काळाच्या नोंदी आपल्याकडे असतात, त्या अवधीत. मला ही बातमी फार मोठी वाटते. काळा पाषाण हा आपल्याकडे न बदलण्याचा दाखला. 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतो ना आपण! त्याच दगडात नदी माणसाच्या हिशेबात मावेल एवढ्या वेळात खड्डा पाडते. तेही बारा महिने राबून नव्हे. मोठे पूर येतात त्या मोजक्या दिवसांतच हे काम होतं. उरलेलं वर्ष गोटे तळाशी पडून असतात.

माझा गोटा मी परत त्याच रांजणात टाकला. हातातलं काम अर्धवट टाकलेल्या कामगाराला घरी कसं न्यायचं?

पाणी नसताना पाण्याची दिशा

कातळ संपतो तिथे गोट्यांचं बेट लागतं. तिथे नीट पाहिलं तर चपटे गोटे एकमेकांवर कलून बसलेले दिसतात, कौलं शाकारल्यासारखे. त्यांची खालची कड नदी येते त्या बाजूला आणि वरची कड नदी जाते त्या बाजूला. पाण्याच्या माऱ्यापुढे चपटा गोटा असा बसला तरच टिकतो, उलटा बसला तर पाणी त्याच्या खाली शिरून त्याला उचलतं. जगातल्या कुठल्याही नदीत हे असंच असतं. जुन्या, आटलेल्या नद्या कुठल्या दिशेला वाहत होत्या ते भूशास्त्रज्ञ अशाच गोट्यांवरून सांगतात.

झाडंही तेच सांगतात. लव्हाळं सगळं एकाच बाजूला निजलेलं असतं. तुकोबांनी महापुराच्या संदर्भात लव्हाळ्याचा दृष्टान्त दिला तो उगाच नाही, त्यांचं देहू याच नदीवर, इथून थोडं खाली. लव्हाळ्याचा देठ लवतो, मुळाकडचा कंद खाली घट्ट धरून राहतो आणि पूर ओसरला की नवे कोंब येतात. सह्याद्रीतल्या खडकाळ नद्यांत शेरणी नावाचं झुडूपही हेच करतं. पानं कण्हेरीसारखी लांब आणि अरुंद, फांद्या वेतासारख्या लवचीक, मुळं कातळाच्या चिरेत रुतलेली. पावसाळाभर ते पाण्याखाली आडवं पडून असतं आणि उन्हाळ्यात उठून बसतं. वेगवान आणि स्वच्छ पाण्याच्या जागी आणखी एक गंमत असते. पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पती खडकाला शेवाळासारख्या चिकटून पाण्याखाली वाढतात आणि पाणी उतरून त्या उघड्या पडल्या की घाईघाईने फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. बी खडकावर पुढच्या पावसाची वाट बघतं. नदी आटणं हाच त्यांचा वसंत. मात्र साबणाच्या पाण्यावर त्या जगत नाहीत. इंद्रायणी आळंदीला फेसाने पांढरी होते त्याचे फोटो आपण दरवर्षी पाहतो. त्या पाण्यात टिकते ती जलपर्णी, दक्षिण अमेरिकेतून आलेली पाहुणी. सांडपाण्यातलं खत खाऊन तिने शेजारच्या पवनेवर उन्हाळ्यात हिरवा गालिचा अंथरलेला असतो.

रांजणांमध्ये उरलेलं पाणी म्हणजे लहान लहान संसार. एकात बोटभर मासे अडकलेले, दुसऱ्यात नुसता गाळ आणि त्याला पडलेल्या भेगा. भेगेत एक गोगलगाय होती. शंखाच्या तोंडाला तिने झाकण लावून घेतलेलं, पाऊस येईपर्यंत दार बंद. लव्हाळ्याच्या एका काडीला चतुराची कात चिकटलेली, पाठीवर चीर पडलेली. चतुराचं बालपण पाण्यात जातं. मग एका रात्री तो काडीवर चढतो, पाठ उकलते, आतून पंखवाला बाहेर येतो आणि जुना अंगरखा तसाच लटकत राहतो. वाळूच्या कोरड्या पट्ट्यात नरसाळ्यासारखे इवले खळगे होते. ते पाण्याचे नव्हेत. अँटलायन नावाच्या किड्याची अळी उलटी चालत, गोल गोल फिरत ते खणते आणि तळाशी दडून बसते. मुंगी काठावर आली की वाळू घसरते आणि मुंगी तिच्या जबड्यात. रांजणही गोल, हाही गोल. मी दोन्हींवर हात ठेवून पाहिला.

पक्षी मेमध्ये कमी. हिवाळ्यात आलेले पिवळे-करडे धोबी एव्हाना उत्तरेला परतलेले असतात. उरतो तो बारमाही मोठा धोबी, कातळावर शेपूट आपटत फिरणारा. आणि टिटवी. टिटवी अंगावर ओरडत आली की तिथेच थांबावं आणि पायाखाली पाहावं. तिची अंडी उघड्यावर, खड्यांमध्ये असतात, बहुतेक वेळा चार, निमुळती टोकं आत करून मांडलेली. रंग असा की पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. उन्हाने तापलेल्या दगडांवर ती शिजत का नाहीत? टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. टिटवीने अंडी पात्रात खाली घातली तर पाऊस कमी, वर काठाला घातली तर जास्त, असा ठोकताळा गावोगाव ऐकू येतो. तो खरा धरून मी पेरणी करणार नाही. टिटवी खडी दिसेल तिथे घर मांडते, इमारतींच्या गच्च्यांवरसुद्धा. पण एवढं खरं की चार आठवडे उबवण असलेलं अंडं मेअखेर पात्रात घातलं, तर पहिला पूर आणि पिल्लू यांची शर्यत लागते.

नदीची खरी रुंदी

परतताना काठाच्या करंजाकडे मान वर करून बघा. फांद्यांमध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, फाटकी साडी, गवताचे पुंजके अडकलेले दिसतात. ते वाऱ्याने आलेले नाहीत. गेल्या पुराची पातळी तिथवर होती. माझ्या डोक्याच्या वर दोन हात एक गुटख्याची पुडी नीट घडी घालून खोचल्यासारखी बसली होती. त्या उंचीवरून नजर आडवी न्यावी, पात्रावरून पलीकडच्या काठापर्यंत. मध्ये येतं ते सगळं नदीचं.

सरकारी कागदांवर यालाच रेषा म्हणतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. मेमध्ये नकाशा हाती नसेल तर ही जागा मोकळ्या प्लॉटसारखी दिसते, आणि घोटाळा तिथेच होतो. खाली चिखलीत याच इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले १७ मे २०२५ रोजी महापालिकेने पाडले. हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. लोकांचे कष्टाचे पैसे गेले, याचं वाईट वाटतंच. पण करंजाची फांदी बघायला कुणी गेलं असतं, तर हा हिशेब विकत घेण्याआधीच कळला असता.

आता जायचं ठरवलंच असेल तर थोडं ऐका. घळीच्या काठाशी जाऊ नका, पोहता येत असलं तरी. रांजणाचं तोंड लहान आणि पोट मोठं हे वर सांगितलं. आत पडलेल्या माणसाला वर यायला धरायला काही नसतं, भिंत आत वळलेली आणि काचेसारखी गुळगुळीत असते. १५ जून २०२५ च्या रविवारी इथला जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला आणि चार माणसं गेली. तो महिना लक्षात ठेवा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. इंद्रायणी येते ती लोणावळ्याहून, जेमतेम चाळीस किलोमीटरवरून. त्यामुळे मृग लागला की देहूरोडला लख्ख ऊन असतानाही कुंडमळ्याचं पाणी चढू शकतं.